डाय, सलाईन आणि बेडपॅन

अँजिओग्राफीचा पेशंट वॉर्डात आला की नातेवाइकांचं सगळं लक्ष ‘ब्लॉकेज किती’ याच्यावर असतं. फाइल हातात आली की मी आधी क्रिएटिनिन शोधते, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा. तपासणी हृदयाची, मग किडनी कुठून आली मध्येच, असं लोक विचारतात. रक्तवाहिन्या एक्स-रेत दिसाव्यात म्हणून आयोडीन असलेला डाय सोडतात, आणि तो जवळजवळ सगळा किडनीतूनच बाहेर पडतो. किडनी धडधाकट असेल तर एका दिवसात विषय संपतो. आधीच थकलेली असेल तर डाय जास्त वेळ आत रेंगाळतो. किडनीच्या आतल्या भागाला मुळातच प्राणवायू जेमतेम मिळतो, डायमुळे तिथला रक्तपुरवठा आणखी आवळला जातो आणि तिथल्या पेशींनाही डायचा थेट त्रास होतो. मग दोन-तीन दिवसांनी क्रिएटिनिन चढतं. तोवर पेशंट डिस्चार्ज घेऊन घरी गेलेला असतो, त्यामुळे हॉस्पिटलात कुणाला पत्ताही लागत नाही.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका हॉस्पिटलच्या कार्डियाक वॉर्डला आहे. इथे लिहिते आहे ती एका आजींची हकिकत. पेशंट ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, कामाचे आकडे तसेच ठेवले आहेत.

मे महिना होता. बार्शीकडच्या एका गावातून आजी दुपारी चारच्या सुमाराला दाखल झाल्या. वय ६६, वजन ५८ किलो, जुनी शुगर, बीपी, गुडघेदुखी. चालताना छातीत भरून यायचं. अँजिओग्राफी दुसऱ्या दिवशी सकाळी. क्रिएटिनिन १.६. मुलगा म्हणाला, “सिस्टर, थोडंसंच वाढलंय, गावच्या डॉक्टरांनी सांगितलं.”

या ‘थोडंसं’ शब्दावर माझा राग आहे. क्रिएटिनिन एकटं वाचून काही कळत नाही, त्याच्याशी वय आणि बाई-पुरुष हे जोडून ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज, काढावा लागतो. रिपोर्टवर तो छापलेला नव्हता, म्हणून मोबाइलवर काढला. आला ३५. हेच १.६ तिशीतल्या एखाद्या गड्याचं असतं तर ईजीएफआर ५९ च्या आसपास निघाला असता. म्हणजे आजींची किडनी निम्म्याहून कमी कामावर होती. वर शुगर, आणि हिमोग्लोबिन ९.८. डायमुळे किडनीला धोका किती हे गुणांत मोजायला आमच्याकडे २००४ चा मेहरान स्कोअर वापरतात. त्यात शुगरचे ३, रक्त कमी असल्याचे ३ आणि ईजीएफआर २० ते ४० असल्याचे ४ धरले की झाले १०. त्या मूळ अभ्यासात ६ ते १० गुण असलेल्या शंभरातल्या साधारण १४ जणांचं क्रिएटिनिन वाढलं होतं. डायच्या दर १०० मिलीला आणखी एक गुण धरायचा. आजी ११ वर गेल्या असत्या तर तोच आकडा २६ होता. हे गणित मी आरएमओंना (वॉर्डच्या ड्युटी डॉक्टरांना) दाखवलं, त्यांनी सरांना, म्हणजे हृदयाच्या डॉक्टरांना, फोन केला, आणि सरांनी फाइलवर सलाईनची ऑर्डर लिहिली. ऑर्डर डॉक्टरांचीच असते. पण ती लिहायची वेळ त्यांच्या लक्षात आणून देणं हे आमच्याकडे येतं.

आजींची जीभ कोरडी ठाक होती. विचारलं, पाणी कधी प्यायलात? तर पहाटे चहा घेतला तेवढाच. हॉस्पिटलातून फोन गेला होता, “रक्त तपासायचंय, उपाशीपोटी या.” आजींनी उपाशीपोटीचा अर्थ पाणीसुद्धा नाही असा घेतला. मग एसटी, मग रिक्षा, मग सरकारी आरोग्य योजनेच्या कागदांसाठी आरोग्यमित्राच्या टेबलापुढे रांग, आणि बाहेर सोलापूरचं ऊन. चाळिशी ओलांडलेल्या पाऱ्यात दिवसभर बिनपाण्याची बाई, आणि दुसऱ्या दिवशी तिला डाय देणार. लघवीचा नमुना पाहिला, गडद पिवळा.

पहिलं काम मी कुठल्याही मशिनशिवाय केलं. मावशींना सांगून पाण्याचा तांब्या मागवला आणि आजींना समोर बसून दोन भांडी पाणी प्यायला लावलं.

मग पिशवी. गोळ्यांची यादी तोंडी विचारू नये असं माझं ठाम मत आहे. तोंडी विचारलं की “शुगरची एक, बीपीची एक” एवढंच मिळतं. पिशवीच पलंगावर उपडी करायची. गोळीच्या नावापुढचं अक्षर वाचायचं, सगळी माहिती तिथे असते. आजींच्या शुगरच्या गोळीपुढे ‘एम’ होता, म्हणजे आत मेटफॉर्मिन. बीपीच्या गोळीपुढे ‘एच’, म्हणजे लघवी वाढवणारं औषध सोबत. अंगातलं पाणी आधीच कमी, त्यात ही गोळी. आणि पिशवीच्या तळाशी, रबर लावलेल्या अर्ध्या पट्टीवर ‘पी’.

“ही कशाची, आजी?”

“ती हाय गुडघ्याची. मेडिकलवाला देतो.”

“रोज?”

आजींनी मुलाकडे बघितलं. मुलाने सुनेकडे. सून म्हणाली, “रोज न्हाई हो, दुखलं की.”

“आणि दुखतं कधी?”

“रोजच.”

‘पी’ म्हणजे पॅरासिटामॉल, त्याने माझी झोप उडायचं कारण नव्हतं. त्याच्या जोडीला असतो तो अॅसिक्लोफेनॅक. या जातीच्या वेदनाशामक गोळ्या किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. कमजोर किडनी, कोरडं अंग, वेदनाशामक गोळी आणि वर डाय, अशी चौघांची युती झाली की पुढे नेफ्रोच्या, म्हणजे किडनीच्या, डॉक्टरांचा नंबर शोधावा लागतो. विचारायच्या आणखी दोन गोष्टी असतात. गेल्या पंधरवड्यात कुठे अँटिबायोटिकची इंजेक्शनं घेतलीत का (जेंटामायसिन, अॅमिकॅसिन किडनीला जड), आणि सीटी स्कॅन वगैरेत नुकताच डाय घेतलाय का. लोक ‘झाडपाल्याचं’ औषधही सांगत नाहीत, कारण ते त्यांच्या लेखी औषधच नसतं. आजींचं यातलं काही नव्हतं.

मेटफॉर्मिनबद्दल एक गैरसमज आमच्या नव्या मुलींमध्येही आहे. मेटफॉर्मिन किडनी बिघडवत नाही. डायमुळे किडनी बिघडलीच तर मेटफॉर्मिन बाहेर पडत नाही, अंगात साठतं आणि रक्तातलं लॅक्टिक अॅसिड वाढू शकतं, म्हणून ते तपासणीच्या वेळी बंद आणि नंतर ४८ तास बंद. क्रिएटिनिन पाहूनच पुन्हा सुरू. डॉक्टरांनी ‘एम’ आणि ‘एच’ थांबवल्या, वेदनाशामक कायमची बंद केली. रक्त पातळ करणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू. हे मुद्दाम सुनेला वेगळं करून सांगितलं. “गोळ्या बंद” एवढं ऐकून लोक सगळ्याच बंद करतात, त्यात अॅस्पिरिनही जाते.

रात्री नऊला सलाईन लावलं. सुई उजव्या हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूला. मनगटाच्या वरची शीर ठळक होती, टोचायला सोपी होती, तरी सोडली. ईजीएफआर ३५ असलेल्या माणसाला पुढेमागे डायलिसिसची वेळ आली तर फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शिरेची जोडणी) करायला त्याच शिरा लागतात. सरांनीही मनगटाऐवजी मांडीतून जायचं ठरवलं होतं, कारण तेच.

ऑर्डर होती साधं नॉर्मल सलाईन, किलोमागे तासाला १ मिली. ५८ किलो, म्हणजे तासाला ५८ मिली. पंप सगळे आयसीयूत. आमच्या सेटचे २० थेंब म्हणजे १ मिली, त्यामुळे मिनिटाला साधारण १९ थेंब. घड्याळ समोर धरून थेंब मोजले, रोलर लावला, आणि बाटलीला चिकटपट्टी उभी लावून तिच्यावर दर तासाच्या खुणा केल्या. या वेगाने ५०० ची बाटली साडेआठ तास पुरते. अकराला राउंड घेतला तर पाणी रात्री दोनच्या खुणेच्याही खाली गेलेलं. रोलर कुणीतरी सैल केला होता. मुलगा म्हणाला, “लवकर संपलं तर आईला झोपता येईल म्हणून.” त्याला काय बोलणार. बाजूला घेऊन सांगितलं की आईचं हृदयाचं पंपिंग ४५ टक्के आहे, भराभर पाणी गेलं तर ते फुप्फुसात साठेल आणि उद्या अँजिओग्राफीऐवजी ऑक्सिजन लावायची वेळ येईल. पंपिंग याहून खाली असतं तर सरांनी वेग निम्मा लिहिला असता. रात्रभर मी तिथे फक्त थेंब पाहत नव्हते. छातीला स्टेथो लावून खाली खरखर येते का, श्वास वाढतोय का, सपाट झोपता येतंय का, हे दर फेरीला.

पूर्वी अशा पेशंटला एसिटिलसिस्टिनची पाण्यात विरघळणारी गोळी द्यायचो. सडक्या अंड्यासारखा वास, पेशंट नाक धरून प्यायचे, आणि आम्ही दिल्याची सही करायचो. २०१८ साली न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात प्रिझर्व्ह नावाचा अभ्यास छापून आला. जवळपास पाच हजार धोक्यातले पेशंट घेतले होते, आणि त्या गोळीने काही फरक पडला नाही. सोडाबायकार्बचं सलाईनही साध्या सलाईनपेक्षा सरस ठरलं नाही. २०१७ च्या एका डच अभ्यासात तर ईजीएफआर ३० ते ५९ असलेल्यांपैकी ज्यांना सलाईन दिलंच नाही त्यांचंही काही वाईट झालं नाही. म्हणून सरसकट प्रत्येकाला बाटली टांगायचे दिवस गेले. आजी कोरड्या पडल्या होत्या, ईजीएफआर ३० च्या जवळ होता, शुगर होती, रक्त कमी होतं, म्हणून त्यांना ते लावलं. एवढा विचार करून लावलेलं सलाईन आणि सवयीने टांगलेलं सलाईन यांची बाटली सारखीच दिसते, ही गंमत.

रात्री बाराला ‘एनबीएम’ची, म्हणजे तोंडाने काहीच द्यायचं नाही अशी, पाटी पलंगाला लागणार होती, ती मी लागू दिली नाही. आमच्या भूलतज्ज्ञांचाही नियम असा की घन पदार्थ सहा तास आधी बंद, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. केस नऊची होती. सहा वाजता आजींनी बिनदुधाचा चहा आणि एक भांडं पाणी घेतलं, सात वाजता चूळ भरून तयार.

कॅथलॅबला (अँजिओग्राफी होते त्या खोलीत) हँडओव्हर देताना मी तीन गोष्टी तोंडी सांगते, कागदावर असल्या तरी. ईजीएफआर किती, डायची मर्यादा किती, इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग किती. आमच्याकडे डायचे मिली ईजीएफआरच्या तिप्पटीच्या आत ठेवायचा दंडक आहे. ३५ चे तिप्पट १०५, म्हणून पाटीवर लाल पेनने ‘१०० च्या आत’. आत जी माझी मैत्रीण आहे ती दर वेळी इंजेक्टर भरला की मोठ्याने आकडा बोलते. “सर, वीस झाले.” “सर, पस्तीस.” नव्या डॉक्टरांना सुरुवातीला ते टोचतं, नंतर तेच विचारायला लागतात. सरांनी आयोडिक्सॅनॉल हा डाय घेतला. त्याची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांचं प्रमाण, रक्ताच्या बरोबरीची, किलोला २९० मिलिऑस्मोलच्या आसपास. नेहमीचा आयोहेक्सॉल ३५० घेतला तर तो आकडा ८०० च्या वर जातो. जुन्या काळचे डाय त्याच्याही दुप्पट होते, त्या मानाने आता बरंच बरं आहे. पंपिंग इकोत कळलेलंच होतं, म्हणून हृदयाच्या कप्प्यात डाय सोडून घ्यायचा फोटो टाळला, तिथे वीस-तीस मिली वाचले. एकूण ४५ मिली.

एक ब्लॉक मोठा निघाला, मुख्य डाव्या वाहिनीच्या पुढच्या फांदीत. अँजिओप्लास्टी लगेच करायची तर आणखी शंभर-दीडशे मिली डाय लागला असता. आजींना छातीत दुखत नव्हतं, ईसीजी स्थिर होता. सर थांबले. बाहेर मुलगा चिडला. “उघडलंच होतं तर एकदाच करून टाकायचं ना! परत गाडीभाडं, परत सुट्टी.” त्याचं चुकीचं नव्हतं, रोजंदारी बुडते. सरांनी त्याला किडनीचं सांगितलं, ते त्याला अर्धं पटलं. हार्ट अटॅक चालू असता तर किडनीसाठी कुणी थांबलं नसतं, हेही सांगितलं.

खरी परीक्षा दुपारी वॉर्डात झाली. शिथ (मांडीतल्या धमनीत घातलेली नळी) काढल्यावर आजींचं बीपी एकदम ८८ वर आलं, नाडी मंदावली. पाय वर केले, सलाईन थोडा वेळ जोरात, डॉक्टर आले, दहा मिनिटांत ११० झालं. बीपी पडलेलं राहिलं तर किडनीला डायइतकाच धक्का बसतो, म्हणून तिथे वाट बघत बसायचं नसतं. पण ते सोपं होतं. अवघड होतं पुढचं. सहा तास उजवा पाय सरळ, उठायचं नाही.

मांडीतून तपासणी झालेल्या बायका पाणी पीत नाहीत. का पीत नाहीत ते कुठल्या पुस्तकात ठळक लिहिलेलं मी पाहिलं नाही. त्यांना बेडपॅनची लाज वाटते. पाणी प्यायलं की लघवी येणार, लघवी आली की पडद्याआड, पण पुरुषांच्या आवाजात, पलंगावर पडून करावी लागणार. त्यापेक्षा घसा कोरडा बरा. मी दर तासाला एक भांडं पाणी द्यायला सांगितलं होतं. सून सांगे, “पिल्या, भरपूर पिल्या.” ‘भरपूर’ चार्टवर लिहिता येत नाही, म्हणून लिटरची बाटली भरून दिली होती. दोन तासांनी बाटली पाहिली तर जेमतेम एक कप कमी.

“आजी, पाणी का नको?”

“नको वाटतंय.”

जरा वेळाने, हळूच, “मला पडून न्हाई जमायचं पोरी. उठून जाते की मोरीत, हळूहळू.”

उठू दिलं असतं तर मांडीत रक्त साचलं असतं. दुपारपासून लघवी शून्य. चार्टवर शून्य लिहिलं की डॉक्टर विचारतात, किडनी बंद पडली का? मी ओटीपोटावर हात ठेवला, टणक लागलं. लघवी तयार होत होती, आजींनी अडवून धरली होती. कॅथेटर (लघवीची नळी) टाकणं एका मिनिटाचं काम होतं, आणि शुगरच्या बाईला जंतुसंसर्ग द्यायलाही तेवढाच वेळ लागतो. म्हणून नको म्हटलं.

शेजारच्या पलंगावरच्या काकांच्या मुलाला आणि आजींच्या मुलाला, दोघांनाही चहाला पाठवलं. पडदे ओढले, फटीला पिन लावली. चपटा बेडपॅन, ज्याची पुढची कड उतरती असते तो, मावशींनी गरम पाण्याने धुऊन कोमट करून आणला, कारण गार पत्रा लागला की आलेली लघवी परत जाते. पाय सरळ ठेवून आजींना ओंडक्यासारखं एका कुशीवर वळवलं, मी मांडीच्या पट्टीवर हात दाबून धरलेला, सुनेने पॅन सरकवला, परत पाठीवर. उशाकडची बाजू जरा वर घेतली. बेसिनचा नळ बारीक सोडला. आणि आम्ही तिघी सुनेच्या माहेराबद्दल बोलायला लागलो, आजींकडे न बघता. तिचं माहेर माढ्याचं. द्राक्षबाग होती, गारपिटीत गेली, असं काहीतरी चाललं होतं तेवढ्यात आवाज आला.

मापाच्या भांड्यात ४०० मिली. रंग फिका. किमान म्हणून तासाला किलोमागे अर्धा मिली धरतात, आजींना तासाला २९. हिशोबात आम्ही बरेच पुढे होतो. एकदा जमल्यावर आजींनी स्वतःच पाणी मागितलं.

सलाईन रात्रीपर्यंत चालवून बंद केलं. सकाळचं वजन आदल्या दिवसापेक्षा फारसं वाढलेलं नव्हतं, पायाला सूज नाही, श्वास मोकळा. सकाळचं क्रिएटिनिन १.६. मुलगा म्हणाला, “चला, सुटलो.” मी म्हटलं, अजून नाही. डायचा परिणाम ४८ ते ७२ तासांत दिसायला लागतो, क्रिएटिनिन तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमाराला सगळ्यात वर असतं. डिस्चार्ज कार्डवर ‘फॉलोअप एका आठवड्याने’ असं छापलेलंच असतं. त्याच्या खाली आरएमओंकडून हाताने लिहून घेतलं, शुक्रवारी क्रिएटिनिन, बार्शीतल्या लॅबमध्ये चालेल, रिपोर्टचा फोटो वॉर्डच्या नंबरवर पाठवावा, लघवी कमी झाली, सूज आली किंवा दम लागला तर लगेच यावं. आणि सुनेच्या हातात दिलं, मुलाच्या नाही. मुलाने कार्ड घडी करून खिशात घातलं असतं आणि शर्ट धुवायला गेला असता.

शुक्रवारी फोटो आला नाही. शनिवारी सकाळी मीच फोन लावला. लग्न होतं म्हणे शेजारी. दुपारी रक्त दिलं, संध्याकाळी फोटो आला, १.८. सरांना दाखवला. ०.२ वाढलं होतं. काळजीची रेघ ०.३ ला मारतात, तिच्या आत होतो. सर म्हणाले, मेटफॉर्मिन अजून थांबवा, पाणी व्यवस्थित, चार दिवसांनी परत तपासा. परत तपासलं तेव्हा १.६ होतं. ‘एम’ची गोळी बदलून कमी डोसची दिली, ईजीएफआर ४५ च्या खाली असला की पूर्ण डोस द्यायचा नसतो. अँजिओप्लास्टीची तारीख त्यानंतरची ठरली.

तारीख कळवायला फोन केला तेव्हा फोन आजींनीच उचलला. गुडघा फार दुखतोय म्हणाल्या. पॅरासिटामॉल घ्या, साधी, दिवसातून किती ते कार्डवर लिहिलंय, गरम शेक घ्या, असं सांगितलं. मग विचारलं, ती रबर लावलेली पट्टी फेकली ना?

“फेकायची कशाला, चांगली हाय की. मेडिकलवाल्याला परत देतो म्हणाला ल्योक.”

“फोडलेली पट्टी परत घेत नाहीत, आजी.”

“घेतली तर? इचारून तर बघू दे त्याला.”